रेघताईंची वाकडी रेघ

मित्रांनो, लोक दिवसभर माझ्या तोंडाकडे टक लावून बसतात, पण मला कोणी पाहत नाही. त्यांना दिसतात ते माझ्यावर उमटलेले नकाशे, अक्षरे आणि चित्रे. मी बिघडलो की मात्र सगळ्यांना माझी आठवण होते. असा मी एक जुना, सपाट पडद्याचा मॉनिटर. माझी गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण ती माझ्याहून जास्त रेघताईंची आहे. त्यांना वगळले तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. धुळीचा कणही आत येऊ नये म्हणून तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. काचेच्या दोन पातळ तावदानांमध्ये त्यांनी एक अजब द्रव भरला, मागे लांब नळीसारखे दिवे बसवले आणि पुढे प्लास्टिकची करडी चौकट चढवली. शेवटी एका मुलीने मला पूर्ण लाल, मग पूर्ण हिरवा, मग पूर्ण निळा करून पाहिले. कुठेही काळा ठिपका सापडला नाही तेव्हा तिने माझी चौकट हलकेच थोपटली. जन्मल्यावर मला मिळालेली ती पहिली शाबासकी. त्यानंतर खोक्यातला अंधार होता आणि पुष्कळ धक्के होते.

खोके उघडले ते घरांचे आराखडे काढणाऱ्या एका ऑफिसात. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली होती ती. एका कोपऱ्यात गुंडाळलेल्या नकाशांनी भरलेली टोपली, भिंतीला टेकवून ठेवलेला जुना ड्रॉइंग बोर्ड, खिडकीत पेन्सिलींचे बुटके तुकडे. ऑफिसचे मालक म्हणजे साहेब. त्यांचा आवाज इतका मोठा की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेला असता. आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या त्या रेघताई.

त्यांचे खरे नाव काही वेगळे होते, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचे. संगणक येण्यापूर्वी त्या शाईच्या पेनाने नकाशे काढत. पट्टी न घेता त्यांनी मारलेली रेघ साहेब पट्टी लावून तपासत आणि हरत. तेव्हापासून ऑफिसातल्या सगळ्यांच्या त्या रेघताई झाल्या.

माझ्याआधी त्यांच्या टेबलावर एक अवाढव्य, पाठीला कुबड आलेला मॉनिटर होता. दोन माणसांनी धरून त्याला खाली उतरवले आणि माझी स्थापना झाली. रेघताईंनी मला पुढून पाहिले, मग मान वाकवून मागून पाहिले.

"साहेब, ह्याच्या मागचं सगळं कुठे गेलं?" त्यांनी विचारले.

"मागचं काही नसतंच त्याला. हाच तर नवेपणा आहे."

"म्हणजे नुसताच चेहरा," त्या म्हणाल्या. "बघू या, किती दिवस टिकतोय."

हे माझे स्वागत, मित्रांनो! मला फार वाईट वाटले. त्यात पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. रेघताईंनी पाण्याच्या गोल टाकीचा नकाशा उघडला आणि त्या ओरडल्या, "साहेब, टाकीचं अंडं झालंय!"

दुरुस्तीवाल्याला बोलावणे गेले. हा तरुण कामात डोके घातले की सतत गुणगुणायचा, म्हणून रेघताईंनी त्याचे नाव ठेवले भुंगा. त्याने एकदाच पाहिले आणि हसला.

"ताई, ह्याचा काही दोष नाही. प्रत्येक सपाट पडद्याचं आपलं एक माप असतं. आत जेवढे ठिपके, तेवढ्याच मापाचं चित्र त्याला द्यायचं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्याचं माप राहून गेलंय. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घातल्यासारखं झालंय ते."

त्याने माप बदलले. अंड्याची पुन्हा टाकी झाली. रेघताईंनी बारीक नजरेने पाहिले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरा आहेस की रे."

पुढे मला बारीकसारीक दुखणी होत राहिली. एकदा माझ्यावरच्या उभ्या रेघा थरथरू लागल्या. केबलचा स्क्रू सैल झाला होता. एकदा प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याची फिकट सावली दिसू लागली, कारण कोणीतरी दोन केबली जोडून एक लांबलचक केबल केली होती. उन्हाळ्यात तर कमालच झाली. दुपारी चित्रावरून पाण्यासारख्या लाटा जायच्या आणि संध्याकाळी बंद व्हायच्या. भुंग्याने डोके खाजवले, गुणगुणून पाहिले, काही सापडेना. शेवटी रेघताईंनीच शोध लावला. दुपारी उकाडा वाढला की त्या टेबलफॅन लावत, आणि माझी केबल त्याच्या मोटरीला टेकलेली असे.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ताई," भुंगा म्हणाला होता. "दोन बदलल्या की नेमकं कशानं बरं झालं ते कळत नाही."

हा मंत्र रेघताईंनी पक्का धरला. आधी केबल, मग माप, मग माझ्या हनुवटीखालचे ते बटण, जे दाबले की मी स्वतःला सावरून नीट बसतो. तेवढ्याने भागले नाही तर मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहायचा. ऑफिसात कोणाचाही पडदा रुसला की हाक यायची, "रेघताई, जरा नाडी बघा हो!" आणि त्या चष्मा सावरत निघायच्या.

ती वर्षे माझी सुखाची होती. माझ्यावर शाळा उभ्या राहिल्या, दवाखाने उभे राहिले, एक छोटे वाचनालयही उभे राहिले. प्रत्येक भिंत आधी माझ्या छातीवर उमटायची आणि मग कुठेतरी विटांची व्हायची. रेघताई रोज सकाळी मऊ कोरड्या फडक्याने माझा पडदा पुसत. साहेब बोट टेकवून काही दाखवू लागले की त्या म्हणत, "साहेब, बोट लांबून. त्याला गुदगुल्या होतात."

संध्याकाळी त्यांचे यजमान त्यांना न्यायला येत. रेघताई त्यांना 'अहो' म्हणत. कितीतरी दिवस मला वाटायचे, त्यांचे नावच अहो आहे. उंच, शांत माणूस. लाकडाच्या वखारीत नोकरीला होते. आले की टेबलाशेजारच्या स्टुलावर बसत आणि काम संपेपर्यंत चकार शब्द काढत नसत. काम संपले की रेघताई एक वेगळा नकाशा उघडत. तो त्यांच्या स्वतःच्या घराचा होता. जमीन घेऊन झाली होती, घर व्हायचे होते.

"माझी खुर्ची कुठे ठेवलीस आज?" ते विचारत.

"खिडकीशी."

"काल तर दाराशी होती."

"दाराशी वारा लागतो तुम्हाला. मग शिंकत बसता."

एवढेच बोलणे. पण ते दोघे माझ्याकडे असे पाहत, की मी मॉनिटर नसून त्या घराची खिडकीच आहे. पुढे ते घर खरोखर बांधून झाले. त्या दिवशी रेघताईंनी तो नकाशा शेवटचा उघडला, थोडा वेळ पाहिला आणि बंद केला.

मग ती सकाळ आली.

एका शाळेच्या जिन्याचे काम चालू होते. रेघताईंनी नकाशा उघडला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"अरे, हे काय?" त्या पुटपुटल्या. "ही भिंत मध्येच फुगलीये."

मित्रांनो, मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो, भिंत फुगली नव्हती. मी ती सुतासारखी सरळ दाखवत होतो. पण मला आवाज नाही. मी फक्त दाखवू शकतो, सांगू शकत नाही.

रेघताईंनी आपला मंत्र सुरू केला. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. माप तपासले. हनुवटीखालचे बटण दाबले. पंखा बंदच होता, तरी उचलून लांब ठेवला. रेघ त्यांना वाकडीच दिसत राहिली. भुंगा आला. त्याने मला दुसऱ्या कॉम्प्युटरला लावले, केबल नवी घातली, माझ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणून पाहिल्या.

"ताई, मला तर सगळं सरळ दिसतंय."

"तुझं लक्ष कुठे असतं? इथे बघ, मधोमध. पाण्यात काठी बुडवल्यासारखी दिसतेय."

भुंग्याने नाक माझ्या काचेला टेकेपर्यंत जवळ येऊन पाहिले. साहेबांना बोलावले. साहेब म्हणाले, "सरळ आहे." रेघताईंचा चेहरा पडला. ज्यांच्या रेघेवर साहेब पट्टी लावून हरत होते, त्यांना आज रेघ सरळ आहे की वाकडी हे दुसऱ्याने सांगावे?

त्या दिवसापासून त्या मला कधी रागाने, कधी संशयाने बघू लागल्या. सकाळचे फडके माझ्यावरून फिरेनासे झाले. जाता-येता त्या माझ्या चौकटीवर टपली मारत. मी सोसले, पण माझा जीव त्यांच्यासाठी तुटत होता. कारण मला दुसरेही दिसत होते. त्या आता माझ्याकडे समोरून बघत नव्हत्या, मान थोडी तिरकी करून बघत होत्या.

आणि एक दिवस व्हायचे तेच झाले. जिन्याची भिंत त्यांना फुगलेली दिसत होती, म्हणून त्यांनी ती 'सरळ' केली. म्हणजे जी सरळ होती ती वाकवली. नकाशा छापून कामावर गेला. गवंड्याचा फोन आला तेव्हा साहेबांचा आवाज रस्त्यावर ऐकू गेला असेल.

"रेघताई! पायऱ्या वर जाताना निमुळत्या होतायत म्हणे! पाचर आहे का जिना? गवंड्यानं विचारलं म्हणून बरं, नाहीतर आपली शोभा झाली असती!"

"मॉनिटर, साहेब," रेघताई हळूच म्हणाल्या. "हा मॉनिटर नीट दाखवत नाही."

"मग फेका तो! उद्या नवा आणतो!"

साहेब तावातावाने बाहेर गेले. जेवणाची सुट्टी झाली होती, ऑफिस रिकामे झाले होते. रेघताई उठल्या. जुन्या ड्रॉइंग बोर्डामागे त्यांची पोलादी पट्टी होती, ती त्यांनी घेतली. साहेब परत आले की पट्टी लावून दाखवायचे, असे त्यांनी ठरवले असावे. बोलून नाही पटत, तर पुरावा द्यायचा.

त्यांनी जिन्याच्या रेघेला पट्टी टेकवली आणि पाहिले.

मित्रांनो, इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. आधी त्या चेहऱ्यावर जिद्द होती. मग ती ओसरली. त्यांना पट्टीही वाकलेली दिसत होती. पोलादाची पट्टी, त्याच ठिकाणी, तशीच.

त्यांनी पट्टी काचेवरून उचलून हवेत धरली. खिडकीकडे करून पाहिली. मग सावकाश डावा हात वर नेला आणि डावा डोळा झाकला. कपाळावर आठी आली. हात बदलला. उजवा डोळा झाकला. आठी गेली. पुन्हा डावा झाकला. पुन्हा उजवा. शेवटी पट्टी टेबलावर ठेवून त्या खुर्चीत बसल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"म्हणजे तू बरा आहेस," त्या म्हणाल्या.

मला वाटले, आता त्या उठतील, कोणाला तरी सांगतील. पण माणसाचे मन मला अजून नीट उमगत नाही. साहेब परत आले तेव्हा त्या माउस हलवत बसल्या होत्या.

"साहेब, नवा नको. केबलचाच घोळ होता. झालं ठीक."

भुंगा दुसऱ्या दिवशी आला, त्यालाही तेच सांगितले. तो बुचकळ्यात पडला.

"पण केबल तर मी नवी घातली होती, ताई."

"मग आपोआप बरा झाला असेल."

"यंत्र आपोआप बिघडतं, ताई. आपोआप बरं होताना मी तरी पाहिलं नाही."

"तुला काय करायचंय? बरा झालाय ना? मग जा, गुणगुण दुसरीकडे."

त्यांनी कधी त्याला असे तोडून बोललेले मी ऐकले नव्हते. भुंगा न गुणगुणता जिना उतरून गेला.

मग जे दिवस सुरू झाले, ते आठवले तरी मला अजून कसेसे होते. रेघताई चष्म्याच्या उजव्या काचेवर आतून पातळ कागदाचा तुकडा लावून काम करत. कोणी आले की चष्मा कपाळावर चढवत. डावा डोळा दुपारपर्यंत लालबुंद व्हायचा. एकेक रेघ त्या दोनदा, तीनदा तपासत. नजर गेली तर नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षाही मोठे म्हणजे 'रेघताई' हे नाव गेले, अशी भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. एकदा खोलीत कोणी नसताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "थोडे दिवस बघू. थकव्यानं होत असेल." मला ओरडावेसे वाटले, की ताई, आम्हा यंत्रांना झाले असते तर तुम्ही एवढी वाट पाहिली असती का? केबल सैल झाली की त्याच क्षणी उठणाऱ्या तुम्ही!

ती लपवाछपवी संपवली ती 'अहों'नी.

त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे येऊन स्टुलावर बसले. रेघताईंना ते आल्याचे कळले नाही, कारण ते उजव्या बाजूने आले होते आणि उजव्या काचेवर कागद होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी हळूच चष्मा काढून घेतला.

"हा कागद कशाला?"

रेघताई दचकल्या. "उजेड लागतो. तिरीप येते खिडकीतून."

"खिडकी डाव्या हाताला आहे," अहो म्हणाले.

रेघताईंनी चष्मा परत घ्यायला हात पुढे केला.

"परवा तू स्वयंपाकघराच्या दाराची चौकट हातानं चाचपत होतीस. वरपासून खालपर्यंत. मी विचारलं, तर म्हणालीस, लाकूड फुगलंय का बघते. अगं, मी आयुष्य लाकडात काढलं. ती चौकट मी निवडलेली. ती फुगायची नाही." त्यांनी काचेवरचा कागद काढून टाकला. "तुला ती वाकडी दिसते ना?"

मला वाटले, रेघताई चिडतील. पण त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"चौकट वाकडी दिसते," त्या म्हणाल्या. "जिना वाकडा दिसतो. काल तुम्ही दारात उभे होतात, तर तुमचं नाक मला..." आणि त्यांना हसू आले, आणि हसता हसता रडू आले.

"नाक वाकडंच आहे माझं. लहानपणी पडलो होतो," अहो म्हणाले. "ऊठ. दवाखाना अजून उघडा असेल."

"पण साहेबांचं हे काम..."

"ऊठ म्हणतो ना."

अहोंनी स्वतःच्या हाताने माझे बटण दाबले. काळोख होण्याआधी मला शेवटचे दिसले ते एवढेच, की अहोंनी रेघताईंचा हात धरला होता.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी अंधारात होतो. कधी साहेब मला लावत, एखादा नकाशा उघडत, आणि उसासा टाकून बंद करत.

रेघताई परत आल्या तेव्हा उजव्या डोळ्यावर गडद हिरवी काच होती. साहेब उठून उभे राहिले. भुंग्यालाही बोलावून घेतले होते. रेघताईंनी काय झाले ते सगळे सांगितले. डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो, त्याच्या मधोमध सूज आली होती. चित्र जिथे उमटायचे तिथेच उंचवटा आला होता, म्हणून सरळ ते वाकडे दिसत होते. डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागली, अजून काही घ्यायची होती.

"डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. पण अजून उशीर केला असता तर डोळा गेलाच असता. जे गेलं ते थोडं गेलं. उरलेलं टिकेल."

पडदा! मित्रांनो, माणसांच्या डोळ्यातही पडदा असतो हे मला त्या दिवशी कळले. इतकी वर्षे आम्ही दोघे समोरासमोर होतो, पडद्याला पडदा लावून, आणि मला ठाऊक नव्हते.

"साहेब," रेघताई पुढे म्हणाल्या, "ती जिन्याची भिंत मॉनिटरनं नाही, मी वाकवली. माझ्या लक्षात आलं होतं, तरी मी बोलले नाही."

साहेबांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "का पण, रेघताई? आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"वाकडी रेघ मारणारी रेघताई कोण ठेवून घेणार?"

साहेब खिडकीपर्यंत गेले. नाक शिंकरले. परत आले आणि रेघताईंच्या खुर्चीत स्वतः बसले. "हे बघा. रेघ मी मारतो, तुम्ही सांगा कुठे मारायची. तुमचं डोकं तर वाकडं झालं नाही ना?"

त्या दिवशी जी करमणूक झाली ती काय सांगू! साहेबांना माउस धरता येईना. भिंत ओढायला जावे तर खिडकीच उडून जायची.

"साहेब, मोरी दिवाणखान्यात आली!"

"आली तर येऊ दे, पाहुण्यांची सोय होईल!"

भुंगा पोट धरून हसत होता. मधूनच त्याचे ते गुणगुणणे सुरू झाले, आणि मला वाटले, घर पुन्हा भरले.

पुढे रेघताईंचा डोळा बराच सुधारला. वाकड्या रेघेत नुसता एक लहानसा पोचा उरला. बारीक काम त्या मोठे करून पाहत, अंतिम रेघ साहेब तपासत. डॉक्टरांनी दिलेला चौकटींचा कागद त्या रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायच्या, रेघा सरळ दिसतात ना ते ताडायच्या, आणि मग फडके घेऊन माझ्याकडे वळायच्या. साहेबांनी तर ऑफिसातल्या झाडून सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. स्वतःचे मात्र टाळत होते. रेघताईंनी त्यांना एक दिवस कान धरल्यासारखे नेले.

मित्रांनो, कोणाचेच दिवस सारखे राहत नाहीत. ऑफिसात रुंद, चकचकीत मॉनिटर आले. मला माळ्यावर टाकले. तिथे जुने पंखे होते, तुटकी खुर्ची होती, आणि तो कुबडा मॉनिटरही होता, ज्याची जागा मी घेतली होती. धूळ दोघांवर सारखीच बसत होती.

रेघताईंच्या निवृत्तीच्या दिवशी माळा आवरायला काढला होता. भंगारवाल्याच्या ढिगात मला पाहून त्या थांबल्या.

"हा मी नेते, साहेब."

"काय करणार त्या खोक्याचं? नवा देतो तुम्हाला. आमच्याकडून भेट म्हणून."

"नवा नको. ह्याच्यावर मी खोटा आळ घेतला होता," त्या म्हणाल्या, आणि पदराने माझ्या चौकटीवरची धूळ पुसली.

तेव्हापासून मी त्यांच्या घरी आहे. त्या घराच्या भिंती एकेकाळी माझ्यावरच उमटल्या होत्या, आता मी त्यांच्या आत राहतो. रेघताई मोठी अक्षरे करून परगावी असलेल्या लेकीला निरोप लिहितात. दुपारी अहो पत्त्यांचा खेळ मांडून बसतात आणि हरले की संगणकाने लबाडी केली म्हणतात.

गेल्या आठवड्यात ते असेच खेळत होते. एकाएकी त्यांनी मान पुढे केली.

"अगं ए, ही पत्त्यांची रांग नागमोडी का दिसतेय?"

स्वयंपाकघरात भांडे ठणकन खाली ठेवल्याचा आवाज आला. रेघताई ओल्या हातांनी धावत आल्या. त्यांनी केबलकडे पाहिले नाही. माझे बटण दाबले नाही. तशाच ओल्या हाताने त्यांनी अहोंचा एक डोळा झाकला.

"आता?"

"नागमोडी."

हात दुसऱ्या डोळ्यावर गेला.

"नीट बघा. आता?"

"तशीच. अगं, पण..."

रेघताई वाकल्या आणि आपल्या चांगल्या डोळ्याने त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या पोटातला एक जुना भाग खरोखरच फुगला होता. पत्त्यांची रांग सापासारखी वळवळत होती.

"मलाही!" त्या ओरडल्या. "अहो, मलाही दिसतेय! मॉनिटर बिघडलाय! मॉनिटर!"

त्या मटकन बाजूच्या पलंगावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. अहो चेहऱ्यावरचे पाणी पुसत आधी बावळटासारखे बघत राहिले. मग त्यांना कळले. त्यांनी रेघताईंचा ओला हात आपल्या हातात घेतला.

मी बिघडलो म्हणून कोणाला एवढा आनंद झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. आणि खरे सांगतो, मलाही झाला.

भुंगा येऊन गेला. आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत. म्हणाला, फुगलेला भाग बदलतो, पण फार दिवस चालेल असे नाही. ऐकून मला भीती वाटली नाही. रेघताईंनी त्याला बजावले आहे, "संपला की कचऱ्यात नाही हं टाकायचा. ह्याच्या दिव्यांत विषारी पारा असतो म्हणालास ना? जिथे नीट सुटा करतात तिथेच पोचव."

तेव्हा मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, आमच्या केबली ओढू नका, आमच्या मापाचेच चित्र आम्हाला द्या. आम्ही चुकलो तर जरूर रागवा. पण समोरचे सरळ काही वाकडे दिसू लागले, तर एकदा एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. आणि त्यानंतर जे काही दिसेल ते एकट्याने मनात ठेवू नका. घरात जो कोणी असेल त्याला हाक मारा. हात ओले असले तरी तो धावत येईल.